कुणाला निकड आहे का?

फुजैरा,
१४ एप्रिल २००८

प्रिय शुभ्रा,

शुक्रवारी तुझ्या घरून निघालो ते वाटेतलं मसाफी गाव येईपर्यंत निखिल एकच प्रश्न विचारत होता, "आई, व्हाय डोन्ट वी हॅव अ पूल?" शेवटी हे म्हणाले, "आपल्याकडे समुद्र आहे ना रे." तर म्हणतो कसा, "बट द सी इज फ्री!" नऊ वर्षांच्या पोरालाही कळतं की फुकटच्या गोष्टीला किंमत नसते.

फोनवर आपण दोघी भांडतो, म्हणून मनातलं पत्रात लिहायचं हा आपला जुना करार. तर लिहिते. मला तुझा हेवा वाटला. एकतिसाव्या मजल्यावरच्या त्या खिडकीचा वाटला, पांढऱ्या गाडीचा वाटला, आणि भिंतीत बसवलेल्या त्या ओव्हनचा तर फारच वाटला, ज्यात तू पापडांचे डबे ठेवतेस. मी तुझी आतेबहीण, सहा वर्षांनी मोठी. नाशिकला आमच्याकडे राहून तू दहावी केलीस तेव्हा व्याजाची गणितं तुला मी शिकवली. चक्रवाढ व्याज तर तुला रडवायचं. आणि आज तू बँकवाल्याची बायको!

ह्यांना इथल्या टर्मिनलवर तेलाच्या टाक्या मोजायला लागून आठ वर्षं झाली. पगार नऊ हजार दिरहम, म्हणजे लाखाच्या आतबाहेर रुपये. सुजीतला चारच वर्षं झाली आणि मरीनाच्या महागड्या वस्तीत फ्लॅट, वर आणखी एक बुक केलेला, जो अजून जमिनीतून वरही आलेला नाही. कसं जमतं ग? खरंच विचारते, टोमणा नाही. बरं, थोडा आहे.

दुसरं म्हणजे, जूनपासून आमची नवी भिशी सुरू होते आहे. वीस बायका, महिन्याला प्रत्येकी हजार दिरहम, वीस महिने. पहिल्या शुक्रवारी डब्यातून चिठ्ठी काढायची, नाव निघेल तिला वीस हजार. ना व्याज, ना सही. डबा माझ्याकडे असतो, कारण माझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. चिठ्ठी काढण्याआधी मी एकदा विचारते, "कुणाला निकड आहे का?" कुणी हात वर केला तर त्या महिन्याची चिठ्ठी निघत नाही, पैसे तिला. फक्त कारण सगळ्यांसमोर सांगायचं. गेल्या खेपेला रत्नागिरीच्या अन्वरीनं हात वर केला होता, नवऱ्याच्या, मुश्ताकभाईंच्या ऑपरेशनला. कुणी चकार शब्द काढला नाही.

एक जागा रिकामी आहे. तुला गरज नाही हे दिसतंच आहे. तरी माझ्यासाठी ये.

तुझी,
हेमाताई

दुबई,
३ मे २००८

हेमाताई,

पत्र मिळालं. तुला माहीत आहेच, इथे दारात पोस्टमन येत नाही. सगळी डाक सुजीतच्या बँकेच्या पोस्ट बॉक्समध्ये पडते आणि तिथले डाक लावणारे नूरुद्दीनचाचा तुझं पत्र अक्षरावरून ओळखून वेगळं काढून ठेवतात.

तू विचारलंस कसं जमतं, म्हणून सुजीतलाच विचारलं. तो हसला. मला वाटायचं, लोक ठेवी ठेवतात आणि तेच पैसे बँक दुसऱ्याला देते. तो म्हणाला, "वेडी आहेस का? गिऱ्हाईक सही करतं, मी कंप्यूटरवर आकडा टाकतो, त्याच्या खात्यात पैसे दिसायला लागतात. आधी ते कुठेच नव्हते. सहीतून पैसा जन्माला येतो." आणि तारण काय? एक कोरा चेक. फक्त सही, रक्कम रिकामी. तो बँकेच्या कपाटात पडून राहतो. सुजीतनं एकट्यानं दोनशे लोकांचे असे चेक गोळा केलेत, आणि आमचाही एक आहे त्यात. मी म्हटलं, कोरा? तर म्हणतो, "हबीबी, सगळेच देतात."

त्यामुळे हेवा वाटून घेऊ नकोस. भाऊजींनाही सांग, अजमानला अजून स्वस्त बुकिंग चालू आहेत. दहा हजार भरले की फ्लॅट आपला, सहा महिन्यांनी दुप्पट भावात विकायचा. बाकीचं सुजीत बघेल. टाक्या मोजून कुणी श्रीमंत झालंय का?

भिशीत माझं नाव घाल. डब्यातून चिठ्ठ्या काढायच्या म्हणजे मज्जाच आहे, अगदी भातुकली! हजार दिरहम तर इराच्या बॅले क्लासला जातात. दर महिन्याला न चुकता पाठवीन.

तुझी लाडकी,
शुभ्रा

फुजैरा,
२२ सप्टेंबर २००८

शुभ्रा,

तुझं ते "भातुकली" मला चार महिने टोचतंय, म्हणून उत्तराला उशीर.

तुला सांगायला लाज वाटते, पण मी अजमानच्या फ्लॅटसाठी दहा हजार दिरहम साठवले. घरखर्चातून, ह्यांना कळू न देता. एवढंच नाही, गेल्या आठवड्यात सुजीतकडून आणलेला कर्जाचा फॉर्म ह्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, सही करा. तर हे कधी नव्हे ते अर्धा तास बोलले.

म्हणाले, "हेमा, आम्ही टाकीत टेप सोडतो. तेल जिथपर्यंत लागलं, तेवढाच आकडा लिहायचा. एक सेंटिमीटर वाढवून लिहिला तर नोकरी जाते. सुजीतच्या बँकेत टाकी रिकामी असताना आकडा लिहितात आणि वर बोनस मिळतो."

मी म्हटलं, म्हणून तर ते मरीनाला राहतात.

तर म्हणाले, "समज, गावात शंभर माणसं आहेत. बँकेनं प्रत्येकाला शंभर दिले आणि वर्षानं एकशे आठ मागितले. गावात एकूण पैसा किती? दहा हजार. मागणी किती? दहा हजार आठशे. वरचे आठशे कुणाच्या खिशात आहेत?"

मी गणितात तुझी मास्तरीण. म्हटलं, कुणाच्याच नाहीत.

"मग? एक तर आणखी कुणीतरी नवं कर्ज काढायला हवं, नाही तर शेजाऱ्याच्या वाट्याचं आपल्याकडे ओढायला हवं. आठ जण बुडाल्याशिवाय बाकीच्यांचं फिटणारच नाही, अशीच मांडणी आहे. म्हणून सगळे एकमेकांच्या खिडकीत बघत बसतात. तुझं हे जळणं निम्मं तुझं आहे, निम्मं बँकेचं."

मला इतका राग आला! नवऱ्यानं सही न करण्याला एवढं मोठं अर्थशास्त्र? फॉर्म फाडून टाकला मी. दहा हजार मात्र तसेच आहेत, कपाटात.

अमेरिकेत मोठी बँक बुडाली म्हणतात. सुजीत काय म्हणतो? त्याला काय, एक बुडाली तर दुसरी सहीतून जन्माला येईल. रमजान असल्यानं ह्या महिन्याची भिशी इफ्तारनंतर झाली, अन्वरीकडे. तू नव्हतीस. तुझे हजार मात्र वेळेवर आले. पैशानं हजर राहायला तुला बरं जमतं.

हेमाताई

दुबई,
३० नोव्हेंबर २००८

हेमाताई,

आम्ही सगळे मजेत. सुजीतला हल्ली थोडा निवांतपणा आहे, इराला शाळेत तोच सोडतो. पांढरी गाडी विकली. पार्किंगचा फार त्रास व्हायचा आणि मलाही ती कधी मनापासून आवडली नव्हती.

मरीनाच्या फ्लॅटमध्ये ए.सी.चं मोठं काम निघालं, म्हणून काही दिवस इंटरनॅशनल सिटीत ओळखीच्यांकडे राहतोय. पत्र मात्र बँकेच्याच बॉक्सवर टाक, चाचा देतात.

भिशीचे हजार पाठवले आहेत. मिळाले का?

बाकी विशेष काही नाही. भाऊजी कसे आहेत? त्यांचं ते शंभर माणसांचं गणित मी सुजीतला वाचून दाखवलं. तो हसला नाही.

शुभ्रा

फुजैरा,
२८ डिसेंबर २००८

शुभ्रा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला सगळं कळलं. मी काही कुक्कुलं बाळ नाही. मोठी गाडी विकली, फ्लॅट रिकामा केला, सुजीत निवांत आहे. म्हणजे व्हिला घेताय! नाही तर कॅनडाची तयारी चाललीय. सगळं जमून आलं की मग पेढे घेऊन येशील आणि म्हणशील, ताई, तुला सरप्राइज द्यायचं होतं. मामीला फोन केला तर तीसुद्धा "मजेत आहेत ग दोघं" एवढंच म्हणाली. तिलाही गप्प राहायला सांगितलेलं दिसतंय.

मला सांगितलं असतंस तर काय दृष्ट लागली असती? कदाचित लागली असती. माझी नजर हल्ली चांगली नाही, हे मीच कबूल करते.

हप्ता मिळाला. सात झाले.

हेमाताई

दुबई,
१० फेब्रुवारी २००९

ताई,

एक मागते आहे. मार्चची भिशी मला मिळेल का?

मी आजपर्यंत एकही हप्ता चुकवलेला नाही. निकड आहे, खरंच आहे. पण कारण विचारू नकोस आणि बायकांसमोर सांगायला लावू नकोस. त्यातल्या चार जणी माझ्या घरी येऊन गेल्यात, तो ओव्हन उघडून बघून गेल्यात. तू नुसतं "शुभ्राला द्यायची आहे" एवढंच म्हण. तुझा शब्द त्या मोडणार नाहीत.

पंधरा मार्चच्या आत हवेत. अठरा हजार लागतात, वीस मिळाले तर पुरून उरतील.

माझा मोबाइल सध्या बंद आहे. पत्रच पाठव.

शुभ्रा

फुजैरा,
१८ फेब्रुवारी २००९

शुभ्रा,

वीस हजार दिरहम म्हणजे आजच्या भावानं पावणेतीन लाख रुपये. ते तुला मागता आले, पण कारण सांगता येत नाही. कारण मला माहीत आहे. व्हिलाचा हप्ता असेल, नाही तर कॅनडाची फी. बाजार पडलाय, स्वस्तात मिळतंय, सुजीतनं घाई केली असेल.

आमच्यातल्या एकीच्या मुलीचं लग्न मेमध्ये आहे, दुसरीच्या नवऱ्याचा पगार दोन महिने झालेला नाही. त्या गुपचूप चिठ्ठीची वाट बघतात. त्यांना डावलून मी दोन फ्लॅटवालीला द्यावे? तेही कारण न सांगता? ज्या डब्याला तू भातुकली म्हणालीस, त्याच डब्यात आज हात घालावासा वाटतोय.

नियम तुलाही तोच. इथे ये, वीस जणींसमोर हात वर कर आणि सांग. नाही तर चिठ्ठीत नाव येईपर्यंत थांब. मी तुझं नाव पुढे करणार नाही.

राग आला तर येऊ दे. मला दहा महिने येतोय.

हेमा

फुजैरा,
७ मार्च २००९

शुभ्रा, माझे बाई,

आधी चेक काढून घे, मग वाच. वीस हजारांचा आहे, तुझ्या नावानं.

काल भिशी झाली. मी नेहमीसारखं विचारलं, "कुणाला निकड आहे का?" तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. पर्स मांडीवर होती. मी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हटलं, "कुणाला नाही ना? चला." तुझं पत्र आलंय, एवढंसुद्धा मी बोलले नाही. त्यांनी तुला कारण न विचारता दिले असते, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच बोलले नाही.

आणि चिठ्ठी कुणाची निघाली? माझीच. सगळ्या हसल्या, टाळ्या वाजल्या. मी पैसे मोजत होते तेव्हा अन्वरी म्हणाली, "हेमाभाभी, तुमची शुभ्रा दुकानात काम करते का? आमच्या शाहबाजनं तिला ड्रॅगन मार्टमध्ये बघितलं. दिव्यांच्या गल्लीत, स्टुलावर चढून झुंबर पुसत होती."

मी म्हटलं, दुसरी कुणी असेल. पण माझे मोजलेले पैसे चुकले. पुन्हा मोजले, पुन्हा चुकले.

तुझा फोन बंद. नवा पत्ता माझ्याकडे नाही. जहाज लागलंय, त्यामुळे हे आठ दिवस टर्मिनलवर अडकलेत, आणि मला गाडी चालवता येत नाही. म्हणून नेहमीसारखंच बँकेच्या बॉक्सवर पाठवते. तीन दिवसांत मिळेल. पंधरा तारखेला अजून वेळ आहे.

तुझं काय चाललंय ते सांग ग. मी चुकीचं वागले. जाणूनबुजून वागले.

हेमाताई

दुबई,
२४ मे २००९

हेमाताई,

हे पत्र भिशीची जागा सोडण्यासाठी आहे. एप्रिल आणि मेचे हप्ते मी भरले नाहीत, पुढचेही भरता येणार नाहीत. माझे आधीचे दहा हजार ज्या कुणाला माझी जागा द्याल तिच्याकडे वळते करा.

आता कारण सांगते. आता सांगायला काही राहिलेलंच नाही.

सुजीतची नोकरी नोव्हेंबरच्या मध्यालाच गेली. बँकेनं त्याच दिवशी खातं गोठवलं आणि सेवेचे जे पैसे मिळायचे तेही कर्जात वळते केले. बुक केलेल्या फ्लॅटच्या जागी अजून खड्डाच आहे. मरीनाचा फ्लॅट भाड्याचाच होता, ते भाडं परवडेना, म्हणून आम्ही इंटरनॅशनल सिटीत एका घरातली एक खोली घेतली. ए.सी.चं काम वगैरे काही नव्हतं. आईलाही मी हेच सांगत होते. मी दिव्यांच्या दुकानात लागले. इरानं एकदाच विचारलं, "मम्मा, आर वी पुअर नाऊ?" मी हो म्हटलं. तर म्हणाली, "ओके," आणि चित्र काढत बसली. तिच्याइतकं सोपं मला ते कधी वाटलं नाही.

तीन हप्ते थकले होते. अठरा हजार. बँकेनं पंधरा मार्चची मुदत दिली होती. तुझं "मी तुझं नाव पुढे करणार नाही" हे पत्र नूरुद्दीनचाचांनी आणून दिलं. ते त्यांनी आणलेलं शेवटचं पत्र, त्यांनाही त्याच महिन्यात काढलं. सोळाला बँकेनं आमचा कोरा चेक कपाटातून काढला आणि त्यावर पूर्ण कर्जाची रक्कम लिहिली. अठरा हजार नाही, तीन लाख सत्तर हजार. चेक परत जाणारच होता. अठराला सुजीतला नेलं. इथे चेक परत गेला की तुरुंग, हे तुला ठाऊक आहेच. लिहिणारी बँक, आत जाणारा सुजीत.

पंधरा दिवसांतून एकदा काचेपलीकडून फोनवर बोलता येतं. तो म्हणतो, आत चेकवाले खूप आहेत. कुणी दुकानदार, कुणी ड्रायव्हर. त्यातल्या दोघांचे कोरे चेक त्यानंच घेतले होते. एकानं त्याला पहिल्या दिवशी आपली उशी दिली.

सुजीत आता भाऊजींसारखं बोलतो. म्हणतो, "सहीतून पैसा काढायचा अधिकार धंदा करणाऱ्या बँकेला असूच नये. तो सगळ्यांचा पैसा, सगळ्यांसमोर, मोजून निघायला हवा. बँकेनं ठेव असेल तेवढीच द्यावी. कोरा चेक घेणं हाच गुन्हा धरावा, देणं नव्हे. नाही तर चांगल्या दिवसांत सगळे आमच्याकडे धावत येणार आणि वाईट दिवसांत आम्ही सगळ्यांच्या मागे धावणार." मी म्हटलं, हे आधी का नाही सुचलं? म्हणाला, "बोनस मिळत होता."

आणि माझं सांगू? तुला माझा हेवा वाटायचा, ते मला फार आवडायचं. पण मीही तुझ्यावर जळत होते. भाऊजी चार वाजता घरी येतात ह्यावर. तुझ्या दारात बायका चपला काढून सरळ स्वयंपाकघरात येतात ह्यावर. मरीनाला चार वर्षांत माझ्याकडे एकही शेजारीण साखर मागायला आली नाही. वीस जणींसमोर हात वर करायची लाज वाटली कारण त्या माझ्या नव्हत्या, तुझ्या होत्या.

एप्रिलमध्ये तू आणि भाऊजी ड्रॅगन मार्टमध्ये दिव्यांच्या गल्लीत फिरत होतात. मी पाहिलं तुम्हाला. तू प्रत्येक दुकानात डोकावत होतीस. मी खोक्यांच्या मागे जाऊन बसले. तू जिंकल्यासारखं माझ्याकडे बघशील, असं मला वाटलं.

बँक म्हणते, पन्नास हजार एकरकमी भरा, बाकीचे हप्ते बांधून देऊ आणि तक्रार मागे घेऊ. मी मागत नाहीये, तुला सगळं कळावं म्हणून लिहिलं. पत्ता दुकानाचा लिहिते आहे, मालक युसुफभाईंचा पोस्ट बॉक्स. आता तरी पत्ता लपवायला नको.

शुभ्रा

फुजैरा,
७ जून २००९

शुभ्रा,

ह्या पत्रासोबत एक जुनं पाकीट आहे. मी सात मार्चला तुला पाठवलेलं. सुजीतच्या बँकेनं "हा माणूस आमच्याकडे नाही" असं इंग्रजीत लिहून ते परत केलं. मला वीस एप्रिलला मिळालं, तोवर वाटत होतं की चेक तुला पोचला आणि तू रागानं गप्प आहेस. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्याची नोकरी गेली. मग आम्ही तुला शोधायला आलो, ते तू पाहिलंस. पाकीट मी उघडलेलं नाही. आत चेक आहे. तारीख बघ.

नोकरी गेल्याचं तू मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी त्या बॉक्सवर पाकीट टाकलंच नसतं. आणि तुझं पत्र हातात आलं त्याच दिवशी मी हो म्हटलं असतं तर अठरा हजारांत सगळं मिटलं असतं. तू मला हसू द्यायचं नाही म्हणून गप्प राहिलीस, आणि मी तुला खाली बघायला लावायचं म्हणून. तुझी चूक लहान आहे, माझी मोठी. ह्यात मला वाटणी नको.

तुझं पत्र वाचून ह्यांना म्हटलं, बँक वाईट. हे म्हणाले, हो. मग मी म्हटलं, पण माझ्या भिशीत तर व्याज नव्हतं, कोरा चेक नव्हता, तरी मी तेच केलं ना? नियम चांगला होता ग. डब्यावर बसलेली बाई वाईट होती. बँकेला तुझं नावही माहीत नव्हतं, मला तर तू दूध पिताना नाक मुरडतेस तेही माहीत होतं.

परवा भिशी होती. मी म्हटलं, "कुणाला निकड आहे का?" आणि स्वतःच हात वर केला. मग सगळं सांगितलं. पर्समधलं पत्र, "कुणाला नाही ना, चला" म्हटलेलं, चेक, सुजीत. पर्स मांडीवर होती हेसुद्धा सांगितलं. मेमध्ये जिच्या मुलीचं लग्न झालं ती रडायला लागली. मग अन्वरी उठली, माझ्या हातातून डबा घेतला आणि म्हणाली, "हेमाभाभी, आजपासून हा माझ्याकडे. तुम्हांला काही दिवस ह्याच्यापासून लांबच बरं." कुणी मध्ये पडलं नाही. खूप लागलं मला, पण बरोबर होतं.

अन्वरी म्हणाली, "चिठ्ठ्या मळल्यात, नव्या लिहिते," आणि आत गेली. अजून आठ नावं राहिली होती. चार जणींना तिनं पाठोपाठ आत बोलावलं, मग बाकीच्या तिघींना. मला वाटलं, माझ्याबद्दलच बोलत असतील. बाहेर आल्या, डबा माझ्यापुढे धरला. "एकदाच काढा, शेवटचं."

मी काढली. तुझं नाव. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसत्या उठल्या आणि चहा ठेवला.

वीस हजार हे, वीस हजार माझ्या चिठ्ठीचे, म्हणजे पाकिटातला चेक, आणि अजमानच्या फ्लॅटसाठी तुझ्यावर जळून साठवलेले दहा. पन्नास झाले. गुरुवारी हे आणि मुश्ताकभाई येतील, तुला घेऊन बँकेत जातील. एप्रिल-मेचे हप्ते मी भरलेत, तुझी जागा सोडायची नाही. आणि सही करण्याआधी सगळे आकडे ह्यांना दाखव. कोरं काही द्यायचं नाही.

एक सांगायचं राहिलं. सगळ्या गेल्यावर मी कप उचलायला गेले तर डबा तिथेच होता, अन्वरी विसरली होती. उरलेल्या सात चिठ्ठ्या मी उघडून बघितल्या. बघायला नको होत्या, पण तुला माझी सवय माहीत आहे. सातही चिठ्ठ्यांवर अन्वरीच्या अक्षरात तुझंच नाव होतं. सात जणींनी वाट बघत ठेवलेली आपापली पाळी काढून घेतली होती, आणि त्यातल्या तिघींनी तर तुला कधी पाहिलेलंही नाही.

मी जमिनीवर बसून रडले. आणि तुझ्याशी खोटं कशाला बोलू, शुभ्रा, रडता रडता मला तुझा हेवा वाटला. माझं नाव कुणी सात वेळा लिहिलं असतं का ग?

तुझी,
हेमाताई